शेजारच्या पेशीत जायचे रस्ते : जनावरांचे आरएनए विषाणू

पाणवठा

लाळ्या खुरकूतच्या चर्चेत एका सदस्याने विचारलं होतं, "लस वेळेवर दिली, रक्तात प्रतिपिंडं भरपूर निघाली, तरी त्याच गाईच्या घशात विषाणू सापडतो तो कसा?" तिथे दोन ओळींत सांगून भागलं नसतं, म्हणून हा वेगळा धागा. मी बरीच वर्षं जनावरांच्या विषाणूंच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचं काम करते. या प्रश्नाचं उत्तर रोज डोळ्यांसमोर असतं, पण सांगायला सुरुवात थोडी मागून करावी लागते.

आमच्याकडे सहा खळग्यांची प्लास्टिकची तबकडी असते. प्रत्येक खळग्याच्या तळाशी पेशींचा एकच थर, फरशीला फरशी लावावी तसा सलग. लाळ्या खुरकूतसाठी बहुधा बीएचके-२१ वापरतो, म्हणजे हॅमस्टरच्या पिल्लाच्या मूत्रपिंडातून आलेल्या पेशी. त्यावर विषाणू इतका पातळ करून टाकायचा की एका खळग्यात मोजके वीस-तीस कण पडावेत. तासाभराने उरलेलं पाणी काढून वरून अगारचा नाहीतर मिथाइल सेल्युलोजचा घट्टसर थर ओतायचा. एक-दोन दिवस उबेत ठेवायचं. मग पेशी फॉर्मॅलिनने पक्क्या करून क्रिस्टल व्हायोलेटने रंगवायच्या. सगळा तळ गर्द जांभळा होतो आणि त्यात पांढरी, गोल भोकं दिसतात.

एक भोक म्हणजे सुरुवातीला बसलेला एक कण. तो एका पेशीत शिरला, तिथून शेजारच्या, तिथून तिच्या शेजारच्या पेशीत, आणि वाटेतल्या सगळ्या पेशी मेल्या. वरच्या घट्ट थरामुळे कणांना लांब वाहून जाता येत नाही, म्हणून भोक गोल राहतं. प्राण्यांच्या विषाणूंसाठी ही पद्धत रेनातो डुलबेको यांनी १९५२ साली बसवली. इतकी वर्षं झाली, अजून मी तबकडी उजेडाकडे धरून भोकं बोटाने मोजते आणि अजून तेवढाच आनंद होतो.

आता त्या भोकाच्या मधोमध जाऊ. लाळ्या खुरकूतचा कण साधारण ३० नॅनोमीटरचा. वर चरबीचं आवरण नाही, नुसतं प्रथिनांचं कवच : चार जातींची प्रथिनं, प्रत्येकाच्या ६० प्रती. त्यांतल्या व्हीपी१ या प्रथिनाचा एक लवचीक पट्टा बाहेर डोकावतो आणि त्यावर तीन अमिनो आम्लांची खूण असते : आर्जिनीन, ग्लायसीन, ॲस्पार्टिक आम्ल. पेशीवरची इंटेग्रिन नावाची प्रथिनं हीच खूण ओळखतात, कारण शरीरातली स्वतःची काही प्रथिनंही ती वापरतात. कण चिकटला की पेशी त्याला पडद्याच्या पिशवीत आत घेते. पिशवी हळूहळू आम्लधर्मी होते. सामू ६.५ च्या खाली गेला की या विषाणूचं कवच विस्कटतं आणि आतला आरएनएचा धागा पेशीद्रवात उतरतो.

धागा साधारण ८,४०० अक्षरांचा. तो 'धन' प्रकारचा, म्हणजे तोच थेट वाचता येणारा निरोप. पेशीतल्या, प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमला तो आपलाच वाटतो. खरं तर पेशीच्या निरोपांच्या टोकाला टोपीसारखी रासायनिक खूण असते, ती याच्याकडे नाही. त्याऐवजी धाग्याच्या सुरुवातीलाच आरएनएची घडी पडलेली असते आणि रायबोसोम थेट त्या घडीवर येऊन बसतो. आणि मग हा विषाणू जे करतो ते मला दर वेळी थक्क करतं. त्याचं पहिलंच विकर पेशीचं ईआयएफ४जी नावाचं प्रथिन कापून टाकतं. टोपीवाले निरोप वाचायला तेच प्रथिन लागतं. त्यामुळे पेशीचं स्वतःचं काम थांबतं आणि सगळे रायबोसोम विषाणूच्या चाकरीला लागतात. इंटरफेरॉन बनवून शेजारणीला सावध करायचं कामही त्यातच बंद पडतं.

सगळी प्रथिनं एकाच लांबलचक साखळीत तयार होतात आणि विषाणूचीच विकरं तिचे तुकडे पाडतात. थ्रीडी नावाचं पॉलिमरेज, म्हणजे प्रती काढणारं विकर, धन धाग्यावरून ऋण, म्हणजे आरशातल्यासारखी उलटी, प्रत काढतं आणि त्या ऋण प्रतीवरून धन धाग्यांचा ढीग. चार-सहा तासांत नवे कण भरलेले असतात. पेशी गोल होते, तळापासून सुटते, फुटते. कण शेजारी जातात.

हा झाला एक रस्ता. पण सगळे आरएनए विषाणू असेच जात नाहीत, आणि मूळ प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्या दुसऱ्या रस्त्यांत आहे. ज्यांना ज्या रोगाचा अनुभव आहे त्यांनी लिहा, मी जमेल तशी भर घालते.

गोठेवाला

ताई, वाचताना मधे थांबावंसं वाटलं नाही. एक विचारतो. विषाणू नाकातोंडातून आत जातो, मग फोड नेमके जिभेवर, खुरांच्या बेचक्यात आणि सडांवरच का? पाठीवर, पोटावर का नाहीत? इतकी वर्षं गाई सांभाळतोय, पण हे कोणी नीट सांगितलं नाही.

पाणवठा

दादा, अगदी नेमका प्रश्न. पहिली वाढ नाकाच्या मागच्या बाजूला, घशाच्या वरच्या भागातल्या अस्तरात होते. तिथून विषाणू रक्तात उतरतो आणि अंगभर फिरतो. त्याच्या आवडीचं इंटेग्रिन, अल्फा-व्ही-बीटा-६, जीभ, खुराचा वरचा काठ अशा ठिकाणच्या अस्तरात भरपूर असतं. शिवाय तिथे घर्षण सतत चालू : जीभ चाऱ्यावर घासते, खुरांवर सगळ्या अंगाचा भार, सडांना ओढ. त्वचेच्या मधल्या थरातल्या पेशी फुटून त्यांच्यात पाणी साठतं आणि घासलं की वरचा पापुद्रा निघून येतो. चाऱ्याला तोंड न लावणारी गाय तुम्ही पाहिलीच असेल. जिभेचा अख्खा पापुद्रा हातात येतो तेव्हा तिला काय होत असेल!

रानजाई

मी पशुवैद्यक आहे, बराचसा वेळ शेळ्या-मेंढ्यांत जातो. दुसऱ्या रस्त्याबद्दल लिहिते.

पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) आणि बुळकांडी (गुरांचा प्लेग) हे दोन्ही मॉर्बिलिव्हायरस, माणसाच्या गोवराचे भाऊबंद. यांचा धागा 'ऋण', म्हणजे निरोपाचा आरसा. रायबोसोमला तो वाचता येत नाही, त्यामुळे कणाला स्वतःचं पॉलिमरेज सोबत घेऊनच यावं लागतं. म्हणूनच लाळ्या खुरकूतचा नुसता शुद्ध आरएनए पेशीत घातला तरी नवे विषाणू तयार होतात, पीपीआरचा घातला तर काहीच होत नाही.

पसरण्याची तऱ्हाही निराळी. यांच्या कणाला चरबीचं आवरण असतं आणि त्यावर दोन प्रथिनं : एक धरणारं, एक जोडणारं. बाधित पेशी हीच प्रथिनं आपल्या पृष्ठभागावर मांडते. मग ती शेजारच्या निरोगी पेशीला एखाद्या मोठ्या विषाणूसारखीच चिकटते आणि दोघींचे पडदे एकमेकांत मिसळतात. तिसरी येऊन मिळते, चौथी मिळते. सूक्ष्मदर्शकाखाली एकाच पडद्याच्या आत दहा-पंधरा केंद्रकं गोळा झालेली दिसतात. पीपीआरने गेलेल्या शेळीच्या ओठाच्या आतल्या अस्तरात मी हे पाहिलं आहे. विषाणूला बाहेर पडावंच लागलं नाही. बाहेर पडलाच नाही तर प्रतिपिंड त्याला पकडणार कुठे?

आणखी एक. हा विषाणू आधी पांढऱ्या पेशींवरचं स्लॅम नावाचं प्रथिन धरतो, त्यांच्यात वाढतो, आणि त्याच पेशी त्याला अंगभर फिरवतात. शेवटी नेक्टिन-४ धरून आतड्याच्या आणि श्वासमार्गाच्या अस्तरात शिरतो. म्हणूनच हगवण आणि न्यूमोनिया एकाच वेळी दिसतात, आणि प्रतिकारशक्ती आधीच खचलेली असते.

बुळकांडी जगातून गेल्याची घोषणा २०११ साली झाली. देवीनंतर माणसाने पूर्णपणे संपवलेला हा दुसराच रोग. वॉल्टर प्लोराइट यांनी पेशींमध्ये वाढवून सौम्य केलेली लस त्यामागे होती. पीपीआरसाठी २०३० चं लक्ष्य ठेवलेलं आहे.

दिवेलागण

मी या क्षेत्रातला नाही, कुतूहलाने वाचतोय. लंपीही याच घरातला का?

रानजाई

नाही. लंपी हा देवीच्या घराण्यातला डीएनए विषाणू. त्याचा जनुकसंच सुमारे दीड लाख अक्षरांचा आणि प्रत काढताना चुका खूपच कमी. या चर्चेत त्याला नको आणूया, गणित पूर्ण वेगळं आहे.

निळावंती

पाणवठा ताई, मी पदव्युत्तरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय विषाणूशास्त्रच. चुकांचा उल्लेख निघालाच आहे तर एक शंका. थ्रीडी पॉलिमरेज चूक दुरुस्त करत नाही हे पाठ आहे. पण इतक्या चुका करून हा टिकतो कसा?

पाणवठा

हिशोब मांडून बघ. साधारण दहा हजार ते एक लाख अक्षरांमागे एक चूक. धागा ८,४०० अक्षरांचा. म्हणजे चूक जास्तीत जास्त धरली तर दर नव्या प्रतीत जवळपास एक बदल. एका पेशीतून हजारो प्रती निघतात. त्यांतल्या कितीतरी निकामी असतात, पण उरलेल्यांत एखादी प्रत आज ना उद्या उपयोगी पडेल अशी निघते. म्हणून आपण ज्याला एक विषाणू म्हणतो तो खरं तर थोड्या थोड्या फरकांच्या प्रतींचा जथा असतो. चूक खूप वाढली तर जथा कोसळतो, खूप कमी झाली तर बदलत्या जागेत तो टिकत नाही.

याचं एक रूप मी स्वतःच्या हाताने घडताना पाहिलं आहे. आजारी जनावराच्या फोडातला विषाणू बीएचके पेशींत पुन्हा पुन्हा वाढवत गेलं की काही फेऱ्यांनी तो इंटेग्रिनऐवजी हेपॅरन सल्फेट धरायला शिकतो. ही साखरेची साखळी असते आणि जवळपास प्रत्येक पेशीवर असते. कवचावरची एक-दोन अमिनो आम्लं बदलली की पुरतं. आणि हाच विषाणू परत गाईला दिला तर तो मवाळ पडलेला असतो, कारण गाईच्या अंगात जिथे तिथे चिकटून अडकून बसतो. तबकडीत जोमदार, जनावरात अशक्त. तेव्हापासून तबकडीवरून जनावराबद्दल बोलताना मी दोनदा विचार करते.

उलट बाजूचं उदाहरण १९९७ च्या तैवानमधल्या साथीचं. त्या विषाणूच्या थ्रीए प्रथिनात दहा अमिनो आम्लांचा तुकडाच गळालेला होता. डुकरांत त्याने हाहाकार केला, गाईंना मात्र त्याचा फारसा त्रास झाला नाही.

रानजाई

एक दुरुस्ती सुचवते, राग मानू नका. पहिल्या पोस्टवरून वाचणाऱ्याला वाटेल की आवरण नसलेला विषाणू पेशी फोडल्याशिवाय बाहेर येतच नाही. पण पोलिओचा विषाणू, जो लाळ्या खुरकूतच्या घराण्यातलाच, तो पेशी न फोडता चरबीच्या पिशवीत बसून, पुष्कळ कण एकत्र असे बाहेर पडतो हे दिसलं आहे. काविळीच्या हेपॅटायटिस ए चंही तसंच, तो रक्तात उसनं आवरण पांघरून फिरतो.

पाणवठा

राग कसला, बरोबरच आहे. मी फक्त फुटण्याबद्दल लिहिलं, ते अपुरं होतं. पिशवीतून एकत्र जाण्याचा फायदाही मोठा : एकाच पेशीत बरेच कण एकदम उतरतात, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याच्या चांगल्या प्रतीने भरून निघते. निळावंती, तुझ्या प्रश्नाच्या उत्तरात हेही धर.

गोठेवाला

मेंढ्यांची नीलजिव्हा राहिली की. ती तर माशीने पसरते ना?

पाणवठा

क्युलिकॉइडस नावाच्या बारीक चिलटांनी, हो. या विषाणूचा आरएनए दुपदरी आणि दहा तुकड्यांत. पेशीला दुपदरी आरएनए दिसला की धोक्याची घंटा वाजते, म्हणून हा आपला धागा कधी उघड्यावर आणतच नाही. बाहेरचं कवच सुटतं, पण आतला गाभा तसाच बंद राहतो. आतच प्रती निघतात आणि फक्त एकपदरी निरोप छिद्रांतून बाहेर सोडले जातात. एकाच पेशीत दोन जातींचे विषाणू आले तर तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच निघू शकतो.

चिलटाच्या पेशीतून तो पेशीला न मारता हळूच बाहेर पडतो, मेंढीच्या पेशी मात्र मरतात. ज्या वाहनाने पुढे जायचं ते मोडून चालत नाही. मेंढीच्या रक्तात तो तांबड्या पेशींना चिकटून बसतो. तिथे वाढत नाही, कारण तांबड्या पेशीत यंत्रणाच नसते, पण प्रतिपिंडं आल्यावरही आठवडेच्या आठवडे चिलटाच्या तोंडी लागेल असा टिकून राहतो.

दिवेलागण

आणि रेबीज? तोही आरएनए ना?

रानजाई

हो, ऋण धागा. चावलेल्या जागेपासून मज्जातंतूच्या आतून, पेशीच्याच वाहक प्रथिनांवर बसून मेंदूकडे जातो. एका चेतापेशीतून दुसरीत जाताना जिथे त्या भिडतात तिथूनच ओलांडतो, आणि त्यासाठी त्याला आवरणावरचं जी प्रथिन लागतं. त्या प्रथिनाचं जनुक काढून टाकलेला विषाणू पहिल्या पेशीत वाढतो आणि पुढे जाऊ शकत नाही. मेंदूत कोणती पेशी कोणाला जोडलेली आहे हे शोधायला मेंदूशास्त्रज्ञ आज हीच युक्ती वापरतात. गाईला रेबीज झाला की कितीदा ती आक्रमक न होता लाळ गाळत लुळी पडते. घशात काही अडकलंय समजून लोक उघड्या हाताने तोंडात हात घालतात. कृपा करून घालू नका.

गोठेवाला

माझ्याकडे मागे एक कालवड होती. वाढ खुंटलेली, सतत काही ना काही चालूच. प्रतिपिंडांची तपासणी केली तर बीव्हीडीला (गाईंच्या विषाणूजन्य हगवणीला) निगेटिव्ह. निश्चिंत झालो. नंतर दोन गाई गाभडल्या. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी कानाचा तुकडा तपासायला लावला, तेव्हा कळलं की विषाणू तिच्याच अंगात होता. निगेटिव्ह आलेली कालवड बाधित कशी, हे मला आजवर उमगलं नाही.

पाणवठा

दादा, वाचून वाईट वाटलं. यात तुमची चूक नव्हती, तपासणी चुकीच्या जागी केली गेली. ही चर्चा सुरू करताना मनात होतं ते हेच उदाहरण, म्हणून सविस्तर लिहिते.

बीव्हीडीचा विषाणू धन धाग्याचा, सुमारे १२,३०० अक्षरांचा. त्याच्या दोन तऱ्हा आहेत : पेशी मारणारी आणि न मारणारी. गोंधळ घालते ती न मारणारी. गाय गाभण असताना, साधारण पहिल्या चार महिन्यांच्या आत ही बाधा झाली तर विषाणू वार ओलांडून गर्भात जातो. तेव्हा गर्भाची प्रतिकारयंत्रणा 'आपलं कोण, परकं कोण' हे अजून शिकत असते. ती या विषाणूलाही आपलंच समजून घेते. शिवाय विषाणूचं एनप्रो नावाचं प्रथिन पेशीतल्या आयआरएफ३ या धोका कळवणाऱ्या प्रथिनाला मोडीत काढायला लावतं, त्यामुळे इंटरफेरॉनची हाकही उठत नाही. वासरू जन्मतं ते अंगभर विषाणू घेऊन. पेशी मरत नाहीत, विभागतात, आणि शेजारी शेजारीच विषाणू सरकत राहतो.

त्या वासराचं शरीर या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं बनवतच नाही. म्हणून तुमची तपासणी निगेटिव्ह आली. ती निरोगीपणाची खूण नव्हती, रोगाचीच होती. असं जनावर आयुष्यभर लाळेतून, नाकातून, शेणामुतातून विषाणू सोडत राहतं. त्याला शोधायचं तर प्रतिपिंड नव्हे, विषाणूचं प्रथिन किंवा आरएनएच शोधावा लागतो. कानाच्या तुकड्यात तेच पाहतात.

पुढे अशाच जनावरात कधी विषाणूच्या धाग्यात पेशीच्याच आरएनएचा एखादा तुकडा घुसतो. त्यामुळे एनएस३ हे प्रथिन सुटं होऊन भरमसाट बनायला लागतं आणि न मारणारा विषाणू मारणारा होतो. मग तोंडापासून आतड्यापर्यंत अस्तर झडतं आणि जनावर वाचत नाही.

रानजाई

याला जोडून बोव्हाइन ल्युकेमिया विषाणूही लक्षात ठेवा. तो आरएनएचा डीएनए करून गाईच्या बी-पेशीच्या गुणसूत्रात जाऊन बसतो. पेशी विभागली की तोही विभागला, कण बाहेर काढायची फारशी गरजच नाही. एका गाईकडून दुसरीकडे जातो तोही मुख्यतः रक्तातल्या जिवंत बाधित पेशींबरोबर. म्हणून एकाच सुईने ओळीने इंजेक्शनं देणं, शिंगं काढायची हत्यारं न धुता वापरणं, तपासणीचा हातमोजा न बदलणं, हे सगळं थांबवायला हवं. बाधित गाईंपैकी बहुतेकींना काहीच लक्षण नसतं, त्यामुळे नुसतं बघून कळणार नाही.

गोठेवाला

सुया बदलायला आजपासूनच सांगतो. आणि ताई, लाळ्या खुरकूतमधून बरी झालेली गाय? घशातल्या विषाणूचा मूळ प्रश्न तसाच राहिला.

पाणवठा

हो, त्यावर येते. २८ दिवसांनंतरही घशातून विषाणू निघाला तर त्या जनावराला वाहक म्हणतात. गाईंत हे तीन वर्षांपर्यंत, आफ्रिकी रानम्हशीत पाच वर्षांपर्यंत नोंदलेलं आहे. विषाणू घशाच्या वरच्या भागातल्या अस्तरात, थोड्याच पेशींत, कमी प्रमाणात राहतो. रक्तातली प्रतिपिंडं त्याला रक्तात उतरू देत नाहीत, म्हणून फोड येत नाहीत. पण अस्तराच्या आतल्या पेशीपर्यंत ती पोचत नाहीत. लसवलेल्या गाईलाही नंतर बाधा झाली तर ती वाहक होऊ शकते. लस आजार थांबवते, घशातली ही वस्ती दर वेळी थांबवत नाही. मात्र वाहक गाय आणि निरोगी गाय नुसत्या शेजारी ठेवून केलेल्या प्रयोगांत रोग गेल्याचं दिसलेलं नाही, तेव्हा बरी झालेली गाय विकून टाकायची घाई करू नका.

लसवलेली गाय आणि बाधा होऊन गेलेली गाय ओळखताही येते. लसीत मारलेल्या विषाणूचं कवच असतं. थ्रीडी, थ्रीएबीसी ही प्रथिनं विषाणू पेशीत वाढला तरच बनतात आणि चांगल्या लसीतून ती गाळलेली असतात. त्यामुळे थ्रीएबीसीविरुद्ध प्रतिपिंडं सापडली तर समजायचं, विषाणू आत वाढून गेला आहे.

निळावंती

ताई, तुमचं वाचून परवा एक करून पाहिलं. बीव्हीडीचा पेशी न मारणारा वाण भोकं पाडत नाही, म्हणून बाधित पेशी रंगणारी पद्धत घेतली. अर्ध्या खळग्यांत, विषाणू आत शिरल्यावर, वरच्या थरात विषाणूला निष्प्रभ करणारा रक्तद्रव मिसळला. उरलेल्यांत साधा.

साध्या खळग्यांत मोठे पसरट ठिपके आले आणि दूरवर सुटे सुटे डागही. रक्तद्रववाल्या खळग्यांत दूरचे डाग एकही नाहीत. पण ठिपके आहेत! लहान आहेत, काठ रेखीव, प्रत्येकात दहा-बारा पेशी एकमेकींना चिकटून रंगलेल्या. आधी वाटलं, रक्तद्रव कमी पडला. दुप्पट करून पुन्हा केलं, ठिपके तेवढेच.

पाणवठा

फोटो टाक. आणि तिसऱ्यांदा करताना रक्तद्रव आधी विषाणूत मिसळून मग पेशींवर घाल, म्हणजे तो खरंच काम करतो याचा पुरावा त्याच तबकडीत राहील. तिथे एकही ठिपका आला नाही, तर त्या दहा-बारा पेशींपर्यंत विषाणू बाहेरच्या पाण्यातून गेलेला नाही.

निळावंती

तो खळगाही ठेवला होता, लिहायचं राहिलं. पूर्ण कोरा आहे.